‘इलाज नाही’ याच्या पुढची माहिती

नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत मला सगळे डॉक्टर समजतात. रक्ताचे रिपोर्ट घेऊन लोक दार वाजवतात. कुणी साखर किती ते दाखवतं, कुणी जीभ दाखवतं. मी सांगते, अहो, मी डॉक्टर नाही, मी मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात होते. त्यावर समोरचा माणूस जरा विचार करतो आणि म्हणतो, “म्हणजे पुस्तकं वाचूनच सांगणार ना? सांगा की मग.” माझे मिस्टर नोटांच्या प्रेसमध्ये होते. त्यांना लोक विचारायचे, एखादी कोरी नोट आणता का. त्यांच्यापेक्षा माझं बरं, असं ते म्हणतात. माझ्याकडे मागतात ते देण्यासारखं तरी असतं.

ग्रंथपाल म्हटलं की डोळ्यासमोर येते ती पुस्तकावर शिक्का मारणारी, ‘शांतता राखा’ म्हणून बोट नाचवणारी बाई. सुरुवातीची काही वर्षं मी तीच होते. पुढे इंटरनेट आलं, मासिकं संगणकावर आली, आणि वैद्यकातलं संशोधन इतकं वाढलं की वॉर्डात राबणाऱ्या डॉक्टरला ते वाचायला सोडा, चाळायलाही वेळ उरला नाही. मग आमचं काम बदललं. आम्ही वॉर्डात जायला लागलो. सकाळच्या राउंडला डॉक्टरांच्या घोळक्याच्या मागे एक वही घेऊन उभं राहायचं. रुग्णापाशी एखादा प्रश्न अडला, दोन औषधांपैकी कोणतं द्यायचं, या वयात ही तपासणी करावी का, की तो टिपून घ्यायचा. परत येऊन जगभरातलं संशोधन धुंडाळायचं, त्यातलं भरवशाचं निवडायचं, आणि अर्ध्या पानात मांडून संध्याकाळच्या आत डॉक्टरच्या हातात द्यायचं. निर्णय डॉक्टरचा. आम्ही त्याच्यापुढे ताट वाढायचं, भरवायचं नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण याला शिकावं लागतं. म्हणून आमच्या कॉलेजने एक फेलोशिप सुरू केली, एका वर्षाची. ग्रंथालयशास्त्र शिकलेली चार मुलं-मुली दरवर्षी यायची आणि मी त्यांना तयार करायचे. पहिल्या आठवड्यात मी त्यांना संगणकाला हात लावू द्यायचे नाही. ओपीडीतल्या बाकावर बसायचं आणि नुसतं ऐकायचं. डॉक्टर काय विचारतो, रुग्ण काय उत्तर देतो, आणि रुग्णाला खरं म्हणजे काय विचारायचं होतं पण त्याने विचारलं नाही. मुलं वैतागायची. “मॅडम, आम्ही एम.लिब. केलंय,” असं एकाने मला सुनावलंही होतं. मी म्हटलं, म्हणूनच.

मासले सांगण्यासारखे पुष्कळ आहेत. आमचे एक ज्येष्ठ सर्जन होते. ते यायचे आणि म्हणायचे, “मी उद्याच्या सभेत असं असं बोलणार आहे. त्याला आधार देणारे चार लेख काढून द्या.” मी विचारायचे, विरोधातले निघाले तर? “ते तुमच्याकडेच ठेवा.” मी दोन्ही प्रकारचे द्यायचे. ते विरोधातले तिथेच टेबलावर ठेवून जायचे, आणि थोड्या वेळाने त्यांचा शिपाई येऊन ते गुपचूप घेऊन जायचा. आमचा हा व्यवहार त्यांच्या निवृत्तीपर्यंत सुरळीत चालला.

मालेगावचा नदीम आमच्या एका तुकडीत होता. हुशार आणि उत्साही. मेडिसिनच्या एका रेसिडेंट डॉक्टरने त्याला एका तापाबद्दल विचारलं, तर नदीमने रात्रंदिवस खपून एवढा गठ्ठा छापून नेला. त्या पोराने गठ्ठ्याकडे पाहिलं, नदीमकडे पाहिलं आणि म्हणाला, “भाई, मला परीक्षा द्यायची नाहीये. पेशंटला औषध द्यायचंय.” नदीम पडलेल्या चेहऱ्याने परत आला. त्यानंतर मात्र त्याच्याइतकं नेमकं अर्धं पान कुणी लिहिलं नाही.

पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मला पहिल्यांदा आठवली ती त्याच तुकडीतली कोमल. कोमल आहिरे, सटाण्याकडची. घरचा डाळिंबाचा मळा. बोलणं आमच्यासमोर अगदी पुस्तकी, पण आईचा फोन आला की कोपऱ्यात जाऊन “हा, बरं शे, जेवनू मी,” असं अहिराणीत सुरू व्हायचं. वॉर्डात ती सगळ्यांत मागे उभी राहायची. भित्री आहे, असंच मला वाटलं होतं.

डॉक्टरांप्रमाणेच रुग्णांच्या घरच्यांनाही माहिती मिळावी, म्हणून बरीच खटपट करून मी एक सोय मंजूर करून घेतली होती. आठवड्यातून दोन दुपारी ग्रंथालयाच्या दारापाशी एक टेबल मांडायचं. रुग्णाच्या डॉक्टरला विचारून, घरच्यांना आजाराबद्दलची खात्रीची माहिती मराठीत समजावून द्यायची. सल्ला द्यायचा नाही. त्या वर्षी ते टेबल मी कोमलकडे दिलं.

एका दुपारी तिथे भालेराव आले. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते तंत्रज्ञ होते. ड्यूटीवरून थेट आलेले, अंगात निळा गणवेश, हातात कागदांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी. बाहेरच्या माणसाला ग्रंथालयात सोडतील की नाही याची शंका असावी, कारण उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी बोलायला सुरुवात केली.

“ताई, मला फक्त एवढंच सांगा, हे खरं आहे की खोटं.”

कोमलने त्यांना आत बोलावलं, बसवलं, पाणी दिलं. मी काचेच्या पलीकडे माझ्या टेबलाशी होते, पण दार उघडंच असायचं.

त्यांची मुलगी प्रज्ञा नववीत होती. काही वर्षांपासून ती संध्याकाळ झाली की धडपडायची. कॉलनीच्या फाटकाला जाऊन आदळली. पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन येताना स्टुलाला अडखळली आणि सगळे कप फुटले. “मी सगळ्यांदेखत ओरडलो तिच्यावर,” भालेराव म्हणाले. “डोळे फुटले का तुझे, असं म्हणालो. अगदी हेच शब्द.” पुढे शाळेतल्या तपासणीत शंका आली आणि ते आमच्या नेत्रविभागात आले. निदान झालं रेटिनायटिस पिगमेंटोसा. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा हा जन्मजात आजार आहे. आधी अंधुक उजेडात दिसेनासं होतं, मग बाजूचं दिसणं कमी होत जातं. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं उरतं. पुढे तेही किती टिकेल, ते सांगता येत नाही.

“डॉक्टर म्हणाल्या, याला इलाज नाही. एवढं बोलल्या आणि पुढचा नंबर पुकारला.” त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. “पण इलाज आहे ताई. हे बघा.”

दूरच्या एका शहरातल्या दवाखान्याची ती माहिती होती. स्टेम सेलचं, म्हणजे मूळपेशींचं, इंजेक्शन डोळ्यात द्यायचं, की मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होतात. बरे झालेल्या लोकांचे फोटो, त्यांचे हसरे अनुभव. त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओही लावून दाखवला. त्यात एक म्हातारे गृहस्थ नातवाचा चेहरा पाहून रडत होते. व्हिडिओ पाहताना भालेरावांचेही डोळे भरले. तो त्यांनी किती वेळा पाहिला असेल, कोण जाणे.

“पुढच्या गुरुवारचं रिझर्वेशन झालंय,” ते म्हणाले. “मला वाटलं, जायच्या आधी एकदा मोठ्या ठिकाणी विचारावं.”

मी नेत्रविभागाच्या मॅडमना फोन केला. त्यांच्या ओपीडीपुढची रांग मी रोज बघत होते, त्यामुळे त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटायची नाही. त्या दमलेल्या आवाजात म्हणाल्या, “अहो, मी सांगितलंय त्यांना, त्या इंजेक्शनच्या नादी लागू नका म्हणून. ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नाहीत ते. तुमच्या टेबलावरच्या मुलीला जमत असेल तर जरूर समजावू दे.”

कोमल कामाला लागली. जे निघालं ते स्पष्ट होतं. या आजारावर अशा पेशींचे प्रयोग जगात ठिकठिकाणी चालू होते, पण अजून प्रयोगच होते. सिद्ध झालेला उपचार म्हणून कुणी मान्यता दिलेली नव्हती. एका विशिष्ट जनुकदोषावर परदेशात एक उपचार निघाला होता, पण तो मोजक्याच रुग्णांना लागू होता, आणि तो म्हणजे हे इंजेक्शन नव्हे. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, अशा सिद्ध न झालेल्या इंजेक्शनांनंतर काही रुग्णांची होती ती दृष्टीसुद्धा गेल्याचं डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं.

तिने अर्धं पान तयार करून मला आणून दाखवलं. चोख होतं. शेवटची ओळ मात्र होती: ‘कृपया मुलीला तिथे नेऊ नका.’ मी ती ओळ खोडली.

“का मॅडम?”

“आपण दाखवायचं असतं, सांगायचं नसतं. ते डॉक्टरांचं काम.”

“डॉक्टरांनी सांगितलंय आणि ते ऐकत नाहीयेत.” तिचा आवाज चढला होता. मी तो पहिल्यांदाच ऐकत होते. “होतं तेवढंही जाईल तिचं. आणि आपण काय करायचं? कागद पुढे सरकवायचा?”

“आज तू इथे खरं सांगशील. उद्या दुसरा कुणीतरी या खुर्चीत बसून अर्धवट वाचून सल्ला देईल, आणि त्याच्या सल्ल्याने कुणाचं तरी वाटोळं होईल. हा नियम तुझ्यासाठी नाही, खुर्चीसाठी आहे.”

“ठीक आहे,” ती म्हणाली. पण ते ठीक नव्हतं, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. माझा नियम चुकीचा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण ती जे म्हणत होती तेही खरं होतं, आणि दोन्ही एका कागदावर मावत नव्हतं.

भालेराव मंगळवारी आले. कोमलने कागद पुढे केला नाही. तिने त्यांना विचारलं, “काका, प्लांटमध्ये नवा पंप आला की तुम्ही काय करता?”

ते गोंधळले. मग सांगू लागले. आधी कंपनीचा टेस्ट रिपोर्ट बघतो. पण त्यावर विसंबत नाही. बसवल्यावर स्वतः ट्रायल घेतो. नुसता फिरवून नाही, पूर्ण लोडवर. कंप किती होतो, गरम किती होतो, सगळं नोंदवतो. नंतरच ताब्यात घेतो.

“आणि कंपनीने नुसता चांगल्या चाललेल्या पंपांचा व्हिडिओ दाखवला तर?”

भालेराव हसले. “हाकलून देऊ त्याला.” आणि हसता हसता थांबले. पोरगी कुठे नेतेय, ते त्यांच्या लक्षात आलं.

मग दोघं मिळून ते कागद वाचू लागले. दवाखान्याचे कागद आणि कोमलने काढलेले. इंजेक्शन किती जणांना दिलं, ते यात लिहिलंय का? ज्यांना फरक पडला नाही, ते कुठे आहेत? वर्षाने, दोन वर्षांनी त्यांना कुणी तपासलं का? भालेराव बोट ठेवून एकेक ओळ वाचत होते. इंग्रजी अडलं की कोमल सांगायची. मधे एकदा त्यांनी दवाखान्याचे सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून उलटून पाहिले, काहीतरी हमखास सुटलं असणार अशा आशेने. मग दृष्टी गेलेल्या रुग्णांचं आलं. ते त्यांनी स्वतःच वाचलं.

कागद खाली ठेवून त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर आम्ही देत नाही.

“ताई, तुमची सख्खी बहीण असती, तर तुम्ही नेली असती?”

कोमलने काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी काही खूण केली नाही. होकाराची नाही, नकाराची नाही. खरं सांगायचं तर काय खूण करावी, हे मला सुचलंच नाही.

“नसती नेली,” कोमल म्हणाली. “पण काका, मी डॉक्टर नाही. हाच प्रश्न डॉक्टर मॅडमना विचारा. मी येते तुमच्याबरोबर. आत्ता.”

भालेराव ताडकन उठले. “म्हणजे काहीच करायचं नाही? पोरगी आंधळी होताना नुसती बघत बसू मी?” आजूबाजूला वाचत बसलेल्या विद्यार्थ्यांनी माना वर केल्या. “तुम्ही सगळे एकमेकांना सामील आहात. त्या म्हणतात इलाज नाही, तुम्ही म्हणता जाऊ नका. मग जाऊ कुठं?”

आणि ते निघून गेले. पिशवी टेबलावरच राहिली.

कोमल त्या दिवशी रडली नाही, पण जेवलीही नाही. बुधवारी मी स्वतः तिला म्हटलं, फोन कर त्यांना. तिने दोन-तीनदा केला. कुणी उचलला नाही. गुरुवारी गाडीची वेळ उलटून गेली, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता काम करत होतो. नदीम येऊन हळूच म्हणाला, “मॅडम, लोक ऐकून घेतात, पण करतात आपल्या मनाचं. आपल्या हातात काय आहे?” त्याला समजूत घालायची होती. पण ते ऐकून कोमल उठून बाहेर गेली.

शुक्रवार हा टेबलाचा दिवस नव्हता. तरी दुपारी एक बाई आणि दोन वेण्या घातलेली मुलगी दाराशी आल्या. मुलगी शाळेच्या गणवेशात होती. दारातून आत येताना तिने चौकटीला हलकेच हात लावला आणि मान डावी-उजवीकडे फिरवून खोली पाहून घेतली. ते पाहून मी ओळखलं.

“कोमलताई कोण?” तिने विचारलं.

आई संगीताबाईंनी सांगितलं ते असं. गुरुवारी तिघंही सामान घेऊन स्टेशनला गेले. भालेराव आदल्या दोन दिवसांत कुणाशी नीट बोलले नव्हते, पण जायचं रद्द केलं असंही म्हणाले नव्हते. गाडी आली. त्यांनी बॅगा आत चढवल्या, आणि हात द्यायला वळले तर प्रज्ञा जागची हलेना.

“मी म्हटलं, पप्पा, आत्ता मला तुमचा चेहरा दिसतोय,” प्रज्ञाच सांगू लागली. “इंजेक्शननंतर दिसेल याची गॅरंटी द्या, मग चढते.”

“मग?”

“मग त्यांनी बॅगा खाली घेतल्या. ते स्टेशनवरच बसले बाकावर. खूप वेळ. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.”

संगीताबाईंनी पदराने डोळे पुसले. “पंपाचं काहीतरी बोलत होते सारखे. ट्रायल नाही, ट्रायल नाही, असं. मला काय समजलं नाही.”

प्रज्ञाला मात्र वेळ घालवायचा नव्हता. ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “ताई, मला किती वर्षं दिसेल?”

“ते नक्की कुणालाच सांगता येत नाही गं. डॉक्टरांनासुद्धा. काहींना खूप वर्षं थोडं थोडं दिसत राहतं.”

“बरं.” तिने ते उत्तर बाजूला ठेवल्यासारखं केलं. “मग हे शोधा. ज्यांना दिसत नाही ते शिकतात कसे? दहावीची परीक्षा देतात कशी? कॉलेजला जातात का? मला आतापासून शिकायचंय, दिसतंय तोवर.”

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ना डॉक्टरांनी, ना बापाने, ना आम्ही. आम्ही सगळे इलाज आहे की नाही यातच अडकलो होतो, आणि ज्या पोरीचे डोळे होते ती कधीच पुढे निघून गेली होती.

आणि गंमत अशी, की या प्रश्नाला उत्तरंच उत्तरं होती. कोमलने आणि नदीमने मिळून तीन-चार दिवसांत टेबल भरून टाकलं. संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. उरलेल्या दृष्टीचा पुरेपूर उपयोग करून देणारी भिंगं आणि उपकरणं. बोर्डाच्या परीक्षेला मिळणारा लेखनिक आणि जादा वेळ. दिव्यांग प्रमाणपत्र कसं काढायचं. पांढरी काठी घेऊन चालायचं शिक्षण नाशकातच कुठे मिळतं. नेत्रविभागाच्या मॅडमनी एका दुपारी ओपीडी संपल्यावर प्रज्ञाला आणि तिच्या आईवडिलांना निवांत बसवून घेतलं, कोमलही सोबत होती. प्रत्येक गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. नंतर भेटल्यावर मॅडम मला म्हणाल्या, “मी ‘इलाज नाही’ म्हणते तेव्हा माझ्यासाठी ते वाक्य संपलेलं असतं. त्यांच्यासाठी ते तिथून सुरू होतं. हे दर वेळी लक्षात राहत नाही हो.” त्यानंतर त्यांच्या विभागातून आमच्या टेबलाकडे माणसं यायला लागली. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, ‘पुढची माहिती द्यावी’.

भालेराव त्यानंतर काही दिवसांनी एकटेच आले. पिशवी न्यायला आलो म्हणाले. कोमलसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, तुमचा लय राग आला होता मला. अजून आहे थोडा. खोटं कशाला बोलू.”

“असू द्या काका.”

“ते इंजेक्शन होतं ना, तोवर मला काहीतरी करायला होतं.”

यावर कोमल जे बोलली ते मी कुठल्याही फेलोला शिकवलेलं नव्हतं. “काका, काठीने चालायचं आधी तुम्ही शिका. तिला एकटीला लाज वाटतेय.”

आणि भालेराव खरंच शिकले. कॉलनीतल्या रस्त्यावर डोळ्याला रुमाल बांधून, हातात काठी घेऊन हा माणूस ड्यूटी सुटल्यावर चालायचा. पोरं हसली, सहकाऱ्यांनी नावं ठेवली. एकदा थेट कुणाच्या तरी तुळशीच्या कुंडीत गेले. प्रज्ञा मागून ओरडत होती, “पप्पा, डावीकडे! आधी काठी, मग पाय!” ते सगळं तिनेच मला नंतर हसून हसून सांगितलं. प्रज्ञा काठी घेऊन कॉलनीबाहेर पडली, तेव्हा बघणाऱ्यांचं बघून झालं होतं.

हे सगळं गोड झालं असं समजू नका. प्रज्ञाची दृष्टी पुढे कमी होतच गेली. दहावीच्या वर्षी तिने एकदा पुस्तकं भिंतीवर फेकली आणि दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. संगीताबाईंनी मला फोन करून विचारलं, यावर काही वाचायला आहे का? मी म्हटलं, आहे, पण आधी तिच्याजवळ बसा. हा सल्ला होता. दिला मी.

माझ्या नियमाचं पुढे काय झालं, असं कोमलने एकदा विचारलं होतं. नियम मी काढला नाही. पुढच्या तुकड्यांना मी तेच शिकवलं, सांगायचं नाही, दाखवायचं. फक्त त्यापुढे एक भर घातली. नातेवाईक म्हणाला, तुमची बहीण असती तर, की उठायचं आणि त्याच्याबरोबर डॉक्टरांच्या दारापर्यंत चालत जायचं. उत्तर तुमचं नसेल, पण सोबत तुमची असू शकते. मुलांना हे वाक्य आवडायचं. मला ते कोमलने शिकवलं, हे मी त्यांना सांगायचे.

एक खंत मात्र आहे. इतकी मुलं तयार केली, पण त्यांच्यासाठी जागा तयार झाल्या नाहीत. आपल्याकडे इस्पितळात एमआरआयचं मशीन येतं, माहिती शोधून देणाऱ्या माणसाची खुर्ची येत नाही. नदीम एका औषध कंपनीत गेला, चांगलं चाललंय त्याचं. कोमलला गावाकडच्या कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी मिळाली. तिथे ती शिक्के मारते, आणि तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर अडलं की तिला फोन करतात. त्या कामाचं तिच्या नेमणुकीच्या कागदात कुठे नाव नाही. मी निवृत्त झाले आणि दोन वर्षांत फेलोशिपही गुंडाळली गेली. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी नुसती भाजी निवडत बसले.

गेल्या उन्हाळ्यात दार वाजलं. कुणीतरी रिपोर्ट घेऊन आलं असेल म्हणून उघडलं, तर प्रज्ञा. आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. भालेराव खाली स्कूटर लावत होते, ती काठीने जिना चढून एकटीच वर आली होती. समोरचा थोडा उजेड तेवढा तिला आता कळतो. चहा झाला, कोमलच्या गप्पा झाल्या. मग ती म्हणाली, “मॅडम, कोमलताई करायची ते काम मला जमेल का?”

मला तिला खोटी आशा लावायची नव्हती. “अगं, ती फेलोशिप बंद झाली. आणि त्या जागा कुठे निघतच नाहीत.”

“ते नाही विचारलं मी,” प्रज्ञा म्हणाली. “जमेल का, ते विचारलं.”

भालेराव तोवर वर आले होते. ते दारातच थांबले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“जमेल,” मी म्हणाले.

आता शनिवारी सकाळी ती माझ्याकडे येते. भालेराव तिला फाटकाशी सोडतात आणि भाजीबाजारात जातात. डायनिंग टेबलावर आम्ही लॅपटॉप मांडतो. तिचा स्क्रीन रीडर इतक्या वेगाने बोलतो की मला एक अक्षर कळत नाही. ती मात्र मान किंचित तिरकी करून ऐकत असते. मी गवार मोडत शेजारी बसते. परवा एका औषधाबद्दलचा लेख चालू होता. ऐकता ऐकता तिने एकदम बोटाने तो थांबवला.

“मॅडम, यात सुरुवातीला घेतलेले रुग्ण जास्त आहेत आणि शेवटी मोजलेले कमी. मधले कुठे गेले, ते लिहिलेलंच नाहीये.”

मी हात पुसले, चष्मा लावला आणि वाचून पाहिलं. खरंच लिहिलेलं नव्हतं.